हरवल्याची तक्रार आणि पिठाच्या डब्यावरची चिठ्ठी

दि. १३ नोव्हेंबर २०२४

मी विनोदिनी भार्गव येरावार, वय ५१ वर्षे, धंदा घरकाम, रा. आदिलाबाद. समक्ष हजर राहून सांगते की, माझे पती भार्गव यांनी काल मी हरवल्याची तक्रार दिल्याचे मला उटनूरला कळले. म्हणून आज स्वतःहून पोलीस ठाण्यात आले.

रविवारी दुपारी आम्ही दोघे टीव्हीवर एक जुना विनोदी सिनेमा पाहत होतो. त्यात बायको नोकरीला जाते आणि नवरा घर सांभाळतो. दूध उतू जाते, पोळ्या जळतात. शेवटी बायको राजीनामा देऊन घरी येते. हाच सिनेमा आम्ही लग्नाच्या वर्षी टॉकीजमध्ये पाहिला होता. त्याच आठवड्यात मला उटनूरच्या एका निवासी शाळेत शिक्षिका म्हणून नेमणुकीचा कागद आला होता. टॉकीजमधून परतताना पती म्हणाले होते, "पाह्यलं ना, घराचे कसे हाल होतात?" मी नोकरीवर रुजू झाले नाही. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती.

रविवारी सिनेमाचा शेवट आला तेव्हा पती हसले. मी विचारले, "ती परत काऊन आली?" ते म्हणाले, "अवं, सिनेमा आहे तो. चहा ठेव."

मी चहा ठेवला.

सोमवारी पती ऑफिसला गेल्यावर मी अकराच्या बसने उटनूरला गेले. तेथे माझी मैत्रीण मंजुषा मुलींचे वसतिगृह पाहते. मुलींना शिकवायला ये, असे ती तीन वर्षांपासून म्हणत होती. मोबाइल घरी चार्जिंगला राहिला. कुठे जाते ते चिठ्ठीत लिहून मी चिठ्ठी पिठाच्या डब्यावर ठेवली होती. पती दोन दिवस हॉटेलात जेवले. स्वयंपाकघरात गेले नाहीत.

चिठ्ठी आज सकाळी सापडली. पती ती घेऊन येथे हजर आहेत. त्यांनी मला विचारले, "नोकरी कराची होती तं तवाच बोलली काऊन नाही?" मी म्हणाले, "तुमी विचारलंच नाही."

मला मारहाण अगर त्रास नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मी साडेचारच्या बसने उटनूरला परत जाणार आहे. पती स्टँडपर्यंत येतो म्हणाले. मी नको म्हटले नाही.

माझे हे सांगणे मला मराठीत वाचून ऐकवले. मी बोलले तसेच लिहिले आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) विनोदिनी भार्गव येरावार