हातानं कोरलेला नंबर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मिस्टर क्लेग, व्यासपीठावर विराजमान झालेले समितीचे सन्माननीय सभासद, ज्यांच्यासाठी आपण रविवारची दुपार राखून ठेवली ते सत्कारमूर्ती नेव्हिल शॅकल्टन, त्यांच्या पत्नी आयरीन, आणि लँकेशायरच्या कानाकोपऱ्यातून गुडघ्यांना पट्टे बांधून आलेल्या माझ्या सर्व नाचऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मी जास्त घेणार आहे, हे आधीच सांगून टाकते. मिस्टर क्लेग मघाशी जिन्यात मला म्हणाले, "ग्लेनिस, चार गोड शब्द बोल आणि खाली बस. जुनी मढी उकरू नकोस." अध्यक्षांचा मान राखून सांगते, मी आज तीच उकरायला आले आहे.

नेव्हिलबद्दल गोड शब्द बोलायला वेळ लागत नाही. अमेरिकेत साठच्या दशकात निघालेल्या, तिकडे कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या सोल संगीताच्या रेकॉर्ड्स त्यानं कुठून कुठून धुंडाळल्या आणि पाय सरकावेत म्हणून या लाकडी फरशीवर पावडर टाकून आपण त्यांच्यावर नाचलो. आता तो मुलीकडे, समुद्रकाठी राहायला चाललाय. तिथे त्याला शांतता मिळेल असं सगळे म्हणतात. आयरीनला विचारा, या माणसाला शांतता हवी तरी आहे का?

पण त्याला आपण काय म्हणतो? 'नकली नेव्हिल'. प्रेमानं म्हणतो, मान्य आहे. इथली निम्मी मंडळी तर हे नाव का पडलं हेही जाणत नाहीत. ते मी पाडलं. म्हणून ते मीच काढणार.

नव्या लोकांसाठी सांगते. आपल्या क्लबात पहिल्यापासून नियम आहे की, वाजवायची ती मूळ छपाईचीच रेकॉर्ड. मागाहून काढलेली नक्कल चालत नाही, मग कानाला फरक कळो न कळो. त्यासाठी दाराशी तपासणीचं टेबल असायचं आणि टेबलामागे मी. गिरणीत दिवसभर कापडातले दोष शोधायचे आणि शनिवारी इथे भिंग घेऊन बसायचं. वय पंचवीस, आणि सगळ्या पुरुषांत मी एकटी बाई. सुरुवातीला सगळे चेष्टा करायचे. "पोरी, आधी चहा आण, मग रेकॉर्ड बघ," असं म्हणणारा एक जण आज पहिल्या रांगेत बसलाय. हसू नका मिस्टर पिल्किंग्टन, तुम्हीच ते.

१९८२ सालच्या ऑक्टोबरात नेव्हिलनं माझ्यासमोर एक रेकॉर्ड ठेवली. रुथेल पिकेट नावाच्या डेट्रॉइटच्या गायिकेची. तिच्यासाठी त्यानं मोटारसायकल विकली होती. गाणं संपल्यावर लेबलाभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर छपाईचा नंबर असतो. या गाण्याच्या तोवर पाहिलेल्या प्रत्येक अस्सल प्रतीवर तो यंत्रानं ठोकलेला, सुबक होता. नेव्हिलच्या प्रतीवर मात्र हातानं कोरलेला, वाकडातिकडा. हातानं नंबर कोरायची सवय नकला काढणाऱ्यांची, हे तेव्हा शेंबडं पोरही सांगत असे. मी दोन मिनिटांत निकाल दिला, चिठ्ठीवर 'नकली' लिहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.

नेव्हिल एवढंच म्हणाला, "तुझी खात्री आहे?"

मी म्हणाले, "डोळे फुटलेत का माझे?"

रेकॉर्ड वाजवणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव वर्षभरासाठी गेलं. ते वर्ष त्यानं दाराशी लोकांचे कोट सांभाळले. आणि माझं काय झालं? माझं नाव झालं. ग्लेनिस ऑर्मरॉडच्या नजरेतून नक्कल सुटत नाही, असं पार स्टोकपर्यंत बोललं जाऊ लागलं. बेचाळीस वर्षं मी त्या नावावर मिरवले.

अध्यक्ष महाराज, घड्याळ दाखवू नका. माझ्याही मनगटावर आहे.

या फेब्रुवारीत मी रुथेल पिकेटबाईंना पत्र लिहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, चर्चमध्ये अजून गातात. मी सहज विचारलं होतं की पहिली छपाई कुठे झाली. त्यांचं उत्तर मी इथे वाचते. "पहिल्या तीनशे प्रती माझ्या मामानं एका लहानशा कारखान्यात काढून घेतल्या. नंबर ठोकायचं यंत्र तिथे नव्हतं, म्हणून त्यानं साच्यावर खिळ्यानं कोरला आणि शेजारी एक मासा काढला. त्याला मासेमारीचं वेड. तीनशे खपल्यावर मोठ्या कारखान्यात दुसरी छपाई झाली, तिच्यावर यंत्राचा नंबर आहे."

म्हणजे आपण ज्यांना मूळ म्हणत होतो, त्या सगळ्या दुसऱ्या छपाईच्या. आणि मासा मला आठवत होता. ८२ साली मी त्याला ओरखडा समजले होते.

गेल्या मंगळवारी मी नेव्हिलकडे गेले. सामान बांधणं चाललं होतं. मी विचारलं, "ती रुथेल पिकेट आहे का रे अजून?"

"आहे की. टाकायच्या खोक्यात."

"दुसऱ्या कुणाला कधी दाखवलीस?"

"कशाला? तू नकली म्हणालीस ना."

"आणि माझं चुकलं असेल तर?"

तो हसला. म्हणाला, "तुझं? मग चहा पी आणि डोकं शांत कर."

पाकिटात रेकॉर्डबरोबर माझी चिठ्ठीही होती. चाळीस वर्षांत त्याच्या मनात एकदाही शंका आली नाही, तक्रारही नाही. त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याच्या स्वयंपाकघरात बसून रडले, हेही सांगते, लपवण्यासारखं आता काही राहिलं नाही.

ही ती रेकॉर्ड. हे माझं भिंग. मिस्टर पिल्किंग्टन, वर या आणि तुम्हीही बघा. हा नंबर, हा मासा. कड शाबूत, लेबल स्वच्छ, दोनतीन बारीक चरे, सुईला अडवणार नाहीत असे. मूळ, पहिली छपाई. माझ्या माहितीत दुसरी प्रत फक्त पिकेटबाईंच्या घरी आहे. किंमत विचाराल, तर हिच्या बदल्यात नवी मोटार दाराशी येईल. मी हे सांगितल्यावर नेव्हिल म्हणाला, "मोटारीवर नाचता येत नाही." आयरीनचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता.

जुनी चिठ्ठी मी सगळ्यांसमोर फाडते. ही नवी, 'अस्सल', खाली माझी सही. आणि आजपासून तपासणीच्या टेबलाशी मी एकटी बसणार नाही. दोघांची सही लागेल. समितीनं ठराव नाही केला, तर मी दर महिन्याला उभी राहून हेच भाषण करीन.

खाली मांडलेल्या जेवणातले वाटाणे गार होताहेत. आपण सगळ्यांनी माझं ऐकून घेतलंत, समितीनं मला खाली ओढलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. खालच्या केकवर कुणीतरी हौसेनं साखरेनं लिहिलं होतं, 'नकली नेव्हिलला निरोप'. त्यातला पहिला शब्द गायब दिसला तर उंदरांना दोष देऊ नका, तो मी सुरीनं खरवडलाय.

बेचाळीस वर्षांची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती त्याच्याकडे मागते. नेव्हिल, माझं चुकलं. तू तेव्हाही खरा होतास.

आता ऊठ. गुडघे दुखतात, ठाऊक आहे मला. फरशीवर पावडर टाकून ठेवली आहे. ही घे, आणि लाव.