शिंकणारं भूत

पनवेलच्या जत्रेत तंबू टॉकीजपुढे कमळाकर बाप्यांच्या रांगेत उभा होता. शेजारी बायकांच्या रांगेत दोघी बोलत होत्या.

“हौसे, तेच शिंकणारं भूत! दर साली काय बघतेस गो?”

“बघाया नाय, शांते, आयकाया येतंय.”

“काय आयकतेस?”

“आमचे मालक घरात थोरांम्होरं कंदी हसले नाय. इथं मधी कनात. पन भूत शिंकलं का बाप्यांतून पयलं हसू त्यांचंच यायचं. मी लगीच वलखायची.”

“त्यांना जाऊन चार वर्सं झाली गो.”

“हां. आता दुसराच कोन तरी पयला हसतो.”

तंबूत भूत शिंकलं, तेव्हा गेली काही सालं सगळ्यांआधी हसणाऱ्या कमळाकरनं टोपीत तोंड खुपसलं.