गिटारीचा दोष लिहून द्या

नाई भाऊ, सहा हजार लय होतात. तुमी पुन्हा एकदा पाहा, उलटी करून पाहा — घाई काहून करता? चहा घ्या आधी. लोक भाव वाढवून मागतात अन् मी कमी करून मागून राह्यली, त्यात हसाचं काय हाय? हे पाहा, इथचा कोपरा उडाला हाय. हे इथं कोपराखाली रंग निरा निंघून गेला हाय, लाकूड दिसून राह्यलं — काय? रंग निंघाला म्हणूनच भाव हाय म्हणता? बाप्पा. नागपूरचा न्यायच अलग हाय. इथं बालाघाटात रंग निंघालेली खुर्ची फुकट देतो म्हटलं तरी कोनी नेत नाई. अन् त्या लोखंडी पट्टीवरचा नंबर पाहून तुमचा हात काहून थांबला? बासष्टची? मतलब चोवीस वर्सं जुनी. जुनी म्हणजे खराबच ना मंग.

आली कुठून — सांगते ना. गोंदियाले रेल्वेत एक गोरा गार्ड होता, रॉबिन्सन. तो पोरीबाळी घेऊन ऑस्ट्रेलियाले चालला होता कायमचा. आमच्या घरचे त्याचा पंखा सुधराले गेलते — मोटारी भराचं दुकान होतं ना त्यायचं, वाइंडिंगचं, बस-स्टँडच्या मांगं — तं पंखा राह्यला एकीकडं अन् हे गिटार घेऊन आले. बदल्यात काय देल्लं? नवी सायकल, रेडिओ अन् बारा कोंबड्या. ऑस्ट्रेलियाले जाणारा माणूस बारा कोंबड्या घेऊन काय करते, मी विचारलं बी. हे म्हणे, ते त्याचं तो पाहीन. लग्नाले सहा महिने झाले होते माझ्या. कोंबड्या माझ्या बापानं, महागूनं, किरनापुरावरून माझ्यासाठी धाडल्या होत्या. असो.

तुमी शिक्का आणला ना दुकानाचा? टिकारामनं सांगितलं नाई का — तोच, ढोलक वाजवते आमच्या घरच्यायच्या ऑर्केस्ट्रात — त्याले मी दोनदा बजावलं होतं का नागपूरवाल्याले म्हणा शिक्का अन् छापील पॅड घेऊन ये. आणलं? मंग बरं झालं. आता तुमचं ते पेचकस काढा अन् गिटार खोला. मांगूनच खोला. आमची सासू वैनगंगेवर आंघोळीले गेली हाय, अकरापर्यंत येते, तवापर्यंत तुमचा कागद व्हाले पायजे. कागद म्हणजे साधाच जी — का ही गिटार आम्ही खोलून पाहिली, हिच्या अंदर दोष हाय, करंट मारते, अन् हा दोष पहिल्यापासून हाय. खाली सही, शिक्का. बस. मंग गिटार तुमची.

खोला ना. घाबरता काहून, वायर कुठं लावली हाय अजून. हौ, हिच्यानंच गेले आमच्या घरचे. दोन वर्सं झाले, मे महिना होता. इथंच, तुमी बसले त्याच जागेवर — बसा बसा, उठाची गरज नाई, पुसली हाय जागा, किती डाव पुसली. 

काय दिसते? तारा साबूत? टाके पक्के? तुमी चष्मा लावून पाहा. टिकाराम बी असाच म्हणे, चांगली हाय म्हणे. तो ढोलकवाला, त्याले काय समजते. तुमी नागपूरचे हाय, तुमच्या दुकानात धा गिटारी लटकल्या असतीन, तुमाले दोष दिसलाच पायजे. — हिच्यात करंट येतच नाई म्हणता? आवाज मोठा कराच्या पेटीतून येते? पेटी यायनं सोताच्या हातानं बनवली होती, जुन्या रेडिओच्या खोक्यात. मलाजखंडच्या इंजिनेरानं पाहून तारीफ केली होती. ते पेटीचं लिहू नका. पेटीत दोष होता असं म्हातारीले सांगाचं म्हणजे पोराच्या हातात दोष होता सांगाचं. तिले ते चालन का? ती रोज एकच सवाल करते, माझी सासू, गोदाबाई. दोन वर्सं झाले, रोज, भाकर थापता थापता. म्हणते, "ज्या भोजराजनं अर्ध्या बालाघाटची लाइन टाकली, तो आपल्याच घरात करंट लागून कसा मेला वं?" बस, एवढंच. माझ्याकडं पाहत नाई. भाकरीकडं पाहून विचारते. मी रांधलेलं खात नाई दोन वर्सांपासून, आपलं आपलं थापते. म्हणून दोष काढाचा तं गिटारीचाच काढा लागते. ती परदेसी हाय, तिचे इथं कोनी नातेवाईक नाई.

काय म्हणता? अर्थिंग? पेटीत करंट उतरला तरी अर्थिंग असन तं माणूस मरत नाई — हौ, हेच वाक्य ते बी बोलत. अर्थिंग होतं ना. त्यायनं सोताच खोदलं होतं, मांगच्या आंगणात. सहा फूट खड्डा. अंदर तांब्याची पट्टी ठेवली, वरून एक पोतं मीठ, एक पोतं कोळसा. आता तुमीच सांगा, मोहल्ल्यात कोनी माणूस आंगणात सहा फूट खड्डा खोदून राह्यला अन् पोत्यानं मीठ टाकून राह्यला तं बायांनी काय समजाचं? मीठ टाकून कोनाले पुरतात? साधूले पुरतात. शेजारची रुख्माबाई भिंतीवरून पाहून गेली अन् संध्याकाळपर्यंत साऱ्या मोहल्ल्यात झालं का भोजराजच्या आंगणात कोन्या तरी बाबानं समाधी घेतली. यायले विचारलं तं हे म्हणे, अर्थिंग हाय. झालं. दुसऱ्या दिवशी रुख्माबाई कुंकू घेऊन आली, अर्थिनबाबाले.

तुमी हसा, आम्ही बी हसलो. हे तं पोट धरून हसले. मी म्हटलं, सांगा ना बायांले खरं काय ते. तं म्हणे, काहून सांगू? अर्थिंगमध्ये रोज पाणी टाका लागते, नाई तं उन्हाळ्यात माती सुकते अन् करंट खाली उतरत नाई. बाया तांब्या तांब्या पाणी वाहून राह्यल्या, माझं काम होऊन राह्यलं. सोमवारी तं बारा-पंधरा बाया. कोनाचं पोट्टं मॅट्रिक पास झालं, अर्थिनबाबाले नारळ. एकीचा नवरा उकव्याच्या खाणीतून परत आला, बाबाले चादर. असं मजबूत अर्थिंग साऱ्या मध्य प्रदेशात नसन भाऊ. अन् बाया नाई आल्या त्या दिवशी मी टाकत होती, दोन बाल्ट्या, कोपऱ्यावरच्या हातपंपावरून आणून. ते वाजवाले बसाच्या आधी आवाज देत, "पाणी टाकलं का वं?" मी म्हणत होती, हौ. तवाच वायर लावत.

मंग कसं झालं म्हणता. मंग तसंच झालं. — तुमी पेच लावा ना परत, हातात धरून काहून बसले?

माझा बाप गेला ना एप्रिलात. किरनापूर इथून किती, बसनं घंटा-दीड घंटा. निरोप धाडला, पण आमच्या घरच्यायचा मलाजखंडले लग्नाचा प्रोग्राम होता, बयाना घेतला होता म्हणे. तिसऱ्या दिवशी आले, राख सावडाच्या टाइमाले. अन् काय घालून आले? ऑर्केस्ट्राचा जांभळा चमकीचा कोट. बदलाले टाइम नाई भेटला म्हणे. माझे भाऊ राख चाळून राह्यले अन् हे उन्हात लखलख लखलख करून राह्यले. गावचे पोट्टे पाहाले जमा झाले. माझा काका हळूच मले म्हणे, जावई सर्कशीत लागला का. मी तिथं काही बोलली नाई. घरी येऊन बी बोलली नाई. नऊ दिवस बोलली नाई. ताट आपटाचं, पाणी सरकवाचं, बस. 

अन् बायांचा बी राग आला होता मले. बाप मेला माझा अन् ह्या माझ्या आंगणात नारळ फोडून राह्यल्या. मी म्हटलं, जा, अर्थिनबाबा उठून गेला इथून, आता बैहरले राह्यते. गेल्या बिचाऱ्या. रुख्माबाई रडली. अन् मी बी पाणी टाकणं सोडलं. एवढ्या उन्हात त्या खड्ड्यासाठी मी काहून मरू? ज्याची गिटार त्यानं आणावं पाणी. — सांगाचं होतं ना मंग? कसं सांगाचं, अबोला होता. अबोला म्हणजे अबोला.

त्या दिवशी दुकानातून आले, आंघोळ केली, ओल्या पायानं इथं बसले, अन् आवाज देल्ला. नेहमीसारखाच. पाणी टाकलं का वं.

तवा मी बोलली. नऊ दिवसांनी. 

हौ म्हटलं.

काय माहीत काहून म्हटलं. सवय असन. तोंडातून निंघते माणसाच्या. त्यायले लय आनंद झाला, भाऊ — मी बोलली म्हणून. हसले. म्हणे, आज तुले आवडते ते वाजवतो. मी अंदर तांदूळ निवडत बसली. एकच सूर निंघाला अन् तोच चालू राह्यला, घूंऽऽ असा, बंदच होईना. मी मनात म्हटलं, हे काय माझ्या आवडीचं हाय? अर्धं सूप तांदूळ निवडून झाले तवा मी उठली.

बाया काय म्हणे ठाऊक हाय का? पूजा बंद केली म्हणून अर्थिनबाबा कोपला. बिलकुल खरं बोलल्या. फक्त त्यायले ठाऊक नाई का ते खरं हाय.

हे — हे मी तुमाले काहून सांगून राह्यली. तुमी कागदाचं विचारत होते. हे लिहू नका कुठं. टिकारामले बी बोलू नका. चहा थंडा झाला तुमचा, दुसरा ठेवू? नको? बरं. मंग पॅड काढा.

लिहा. गिटारीत दोष हाय. "जुनी झाल्यामुळं" नका लिहू, पहिल्यापासून लिहा. गार्डाकडून आली तवापासून. अन् किंमत तीनशे लिहा. — हौ, तीनशेच घेईन मी, तेवढेच द्या. तुमाले आता तरी समजलं का? खराब वस्तूचे सहा हजार कोन देते? म्हातारी अडाणी हाय, येडी नाई. शाळेच्या मास्तराकडून वाचून घेईन ती कागद, मंग आकडा विचारीन. आकडा दोषाले जुळाले पायजे.

असे पाहू नका माझ्याकडं. तुमचा फायदाच होऊन राह्यला. खोटं लिहाले हात धजत नाई तं पाच हजार सातशे रुपये आठवा, आपोआप चालन. — हां. आता सही. शिक्का जरा दाबून मारा, फिका नको.

द्या इकडं. फुंकते मी, शाई ओली हाय. … "सदर गिटार सदोष असून." हौ. बरं लिहिता तुमी. अक्षर बी चांगलं हाय.

चला, उठा आता, म्हातारी येईन. गोंदियाची गाडी भेटते तुमाले अजून. चादरीत बांधून न्या, मोहल्ल्यातून उघडी नेऊ नका. अन् भाऊ — घरी जाऊन लावसान तवा कशी वाजते ते मले कळवू नका. टिकारामच्या हातानं निरोप नको, कार्ड नको. जा तुमी.