बाकड्यावरचा अर्धा तास

(दवाखान्याची बाहेरची खोली. बाकड्यावर रोपवाटिका चालवणारा दादा. शेजारी त्याचं मनगट धरून प्रयोगशाळेत काम करणारी धाकटी बहीण.)

धाकटी: हलू नकोस म्हटलं ना!

दादा: अगं, नाक खाजवतोय.

धाकटी: आतून खाजतंय की बाहेरून?

दादा: माशी बसली होती, बाई! टोचलंय दंडात, नाकाला काय धाड भरलीय?

धाकटी: थट्टा नको. मागच्या वेळी विसाव्या मिनिटाला उठून चालता झालास.

दादा: रोपं सुकत होती. आणि ‘सुईनंतर अर्धा तास बसवतात तो नुसता रिवाज’, असं कोण म्हणालं होतं?

धाकटी: मी.

दादा: बोल लावत नाहीये गं.

धाकटी: फाटकापाशी निळ्या ओठांनी पडलेला सापडलास वहिनीला. तिनंही बोल लावला नाही. तेच जास्त लागतं.

दादा: बरं, या खेपेला बाटलीत काय? पुन्हा गवताचे परागच ना?

धाकटी: परागच. त्यांचीच ॲलर्जी ना तुला, मग अंगाला त्यांचीच सवय लावायची. असं समज, अंगात दोन तऱ्हेचे राखणदार असतात. एक उतावळे, पराग दिसला की बोंब ठोकणारे. दुसरे शांत, बघून बघून शिकणारे. आम्ही रसायन घालून परागातली प्रथिनं एकमेकांत गुंफली. उतावळ्यांना आता ती सहसा ओळखू येत नाहीत. शिकणाऱ्यांना येतात, आणि ते उतावळ्यांना आवरतात.

दादा: म्हणजे पोरगी तीच, फक्त वेणी घट्ट घातलेली!

धाकटी: तसंच.

दादा: पण ‘सहसा’ म्हणालीस.

धाकटी: म्हणून तर हे बाकडं. शेकडो जणांनी घेतलंय, दादा, सुखरूप आहेत. पण त्यांतला एकही माझा भाऊ नव्हता.

दादा: ...गवताला तुरे आले की तुझी वहिनी मला कोंडून ठेवते. वारा सुटतो, कुंपणाकडून पिवळा धूर उठतो, आणि मी आपला काचेला नाक लावून. माझंच गवत, माझाच वारा.

धाकटी: पुढच्या बहराला दार उघडून बघ. तोवर दर खेपेला इथं यायचं, बसायचं.

सिस्टर (आतून येत): झाला अर्धा तास. दंड दाखवा. छान आहे. निघा तुम्ही.

दादा: ऐकलंस? सोड आता मनगट.

धाकटी: थांब, एवढी नाडी मोजून होऊ दे.

दादा: मोज. मी कुठं जातोय?