कोपऱ्यावरची अकरा मिनिटं

ताई : हे बघा काकू, दहाही दिवस तेच. मास्तर औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर येतात आणि उभे राहतात. आठ मिनिटं, नऊ मिनिटं. काल तर अकरा.

बायको : तो वाट दाखवणारा कमरेचा पट्टा बिघडला असेल.

ताई : नाही हो. पोटाशी थरथरत होता, म्हणजे सरळ चला. सगळी नोंद येते आमच्या स्मृतिभ्रंश केंद्रात. डावी बाजू थरथरली की डावीकडे वळले, उजवी थरथरली की उजवीकडे. तेवढ्या एका जागी पाय अडतो.

मास्तर : पट्टा अडतिसाचा दिला यांनी. माझी कंबर चौतीस. चार इंच आत घेतला मी.

ताई : तुम्ही यंत्र उसवलंत?

मास्तर : यंत्राला कोण हात लावतंय? कापड घेतलं आत.

बायको : चाळीस वर्षं शिंपीकाम केलंय गं. सकाळी काय खाल्लं ते विचार, सांगता यायचं नाही. माप विचार.

ताई : मास्तर, त्या कोपऱ्यावर पुढचा रस्ता आठवत नाही का?

मास्तर : रस्ता पट्टा सांगतो की. मी कशाला आठवू?

ताई : काकू, मला ‘वाटेत अडकतात’ असं लिहावं लागेल. मग एकट्यानं जायचं बंद. पट्टाही परत घ्यावा लागेल.

बायको : म्हणजे परत मीच. काजं-बटणं करायला जुन्या दुकानात नेऊन सोडा, तीन तास बाकड्यावर बसा, घेऊन या. दोन वर्षं अंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करतेय मी. नको लिहूस तसं.

मास्तर : ती मागं राहते ना, म्हणून.

ताई : कोण?

मास्तर : ही. तिथं चढ आहे. औषधांच्या दुकानाच्या काचेत दिसते. माझीच जुनी टोपी घालून येते.

बायको : काहीतरीच! मी घरी होते.

ताई : काकू?

बायको : ...टोपी उन्हासाठी होती.

मास्तर : हिचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. पहिलं माप घेतलं तेव्हापासून. हजार माणसांत ओळखेन. गुडघा धरते, दम खाते. मग मी उगीच चप्पल नीट करतो. ती निघाली की निघतो.

ताई : घरी थांबा म्हणून सांगितलं होतं मी तुम्हाला.

बायको : सांगायला तुझं काय जातं? मागच्या वर्षी सहा तास सापडत नव्हते. त्या सहा तासांत तू नव्हतीस माझ्या जागी.

ताई : नव्हते.

बायको : तर.

ताई : पण मग ते अडकत नाहीत, काकू.

बायको : नाही. मीच अडकवलं त्यांना. लिही तसं.

ताई : तसं नाही लिहीत. उद्यापासून पुन्हा दहा दिवस मोजते. पण या वेळी खरंच घरी. पाय वर घेऊन बसा.

बायको : बसते बाई. गुडघाही कधीचा तेच म्हणतोय. (मास्तरांच्या पट्ट्याचं बक्कल सरळ करत) अहो, ऐकलंत ना? उद्या मी मागं नसणार. त्या कोपऱ्यावर माझी वाट बघत उभे राहू नका.

मास्तर : एकदा काचेत बघेन. नसलीस, तर जाईन पुढं.