नखाला कडू, पोटाला भात

…आणि वर मलाच विचारतात, "अहो, कडू लागत नाही का तुम्हाला?" लागतं ना! कडू लागतं म्हणूनच तर सगळा घोटाळा झालाय. तुम्हाला सांगतो, नखं खायची सवय मोडायला बोटांना कडू लावा, हा सल्ला ज्यानं कुणी शोधून काढला, तो आमच्या बंगालातल्या श्रीरामपुरात कधी जेवायला बसला नसणार. आमच्याकडं पानात पहिलं काय येतं? कडू. कोवळा कडुलिंब नि वांगं, नाहीतर तळलेलं कारलं. त्याच्याशी दोन घास भात, मग डाळ, मग मासा, मग चटणी, आणि मिष्टी, म्हणजे गोड, आलं की ते खाऊन उठायचं. जन्मल्यापासून या जिभेला एवढंच शिकवलंय, की कडू लागलं म्हणजे पान मांडलं. आता बोट तोंडात गेलं आणि कडू लागलं, तर तिनं काय समजायचं? पोटातून आवाज येतो, भात कुठाय? कडू आधी येतं, त्याला मी काय करणार?

तशी सवय जुनी. माझं चष्म्यांचं दुकान. गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत बसतं, तोवर मी आपला नख कुरतडतो. कुणाचं काही बिघडलं? चष्म्याशिवाय त्याला माझी बोटं दिसत नाहीत, आणि चष्मा चढवला की तो आरशात स्वतःलाच बघतो. सगळं सुरळीत चाललं होतं हो… पण आमच्या एकुलत्या एका मुलीचं, झुमुरचं, लग्न ठरायची वेळ आली. मुलाकडची माणसं घरी आली. मी संदेश मिठाईचं ताट घेऊन मुलाच्या जेठीमापुढं, म्हणजे त्याच्या थोरल्या काकूपुढं, वाकलो. बाईंनी संदेश बघितला, मग ताटाखालची माझी बोटं बघितली, आणि पुढं केलेला हात मागं घेतला. वर आवाज किती मऊ… "कुंडूबाबू, हे तुमच्या घराण्यात आहे का?"

घराण्यात! जसा काही मला कातडीचा रोगच झालाय. मुलगा, सौगत, शेजारी दोन्ही हात खिशात घालून बसलेला. मला वाटलं, तोरा मिरवतोय. झुमुर मात्र पांढरी पडली. पाहुणे गेल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, कन्यादानाला सगळे तुझ्या हाताकडं बघणार. त्या बाई तिथं तुला काही बोलल्या, तर मी पाटावरून उठून येईन." आणि येईल हो ती! बोलल्यासारखं करणारी मुलगी आहे. म्हणजे बघा, पोरीचं लग्न येऊन टांगलं कशाला, तर माझ्या नखांना.

मग उपाय सुरू झाले. मंजुश्रीनं, म्हणजे बायकोनं, औषधाच्या दुकानातून कडू बाटली आणली. लावली. मी भात मागितला. तिनं कडुलिंब वाटून थापला. मी भात मागितला, आणि विचारलं, वांगं नाही का केलं? मग आली माझी आत्या, रांगापिशी. तिनं काडेचिराईत आटवून असा काढा केला… म्हणाली, "लाव. यानं भुतं पळतात." भुतं पळालीही असतील, मी त्या दिवशी दोनदा जेवलो. दुकानात सकाळीच डबा उघडायला लागलो. नखं होती तिथंच, वाढलं ते पोट. लग्नासाठी शिवलेल्या झब्ब्याची बटणं लागेनात. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "तुम्ही नुसती नखंच खा हो, निदान तांदूळ तरी पुरेल." कडू आधी येतं, त्याला मी काय करणार?

रांगापिशी माझ्याकडं बघून म्हणाली, "कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच." झुमुरनं ते ऐकलं आणि थबकली. मला म्हणाली, "बाबा, मिष्टी खाऊन झाली की तू काय करतोस?" म्हटलं, उठतो. ती आत गेली, खजुराच्या नव्या गुळाची वाटी घेऊन आली आणि माझ्या एकेका बोटाला गूळ चोपडला.

तुम्हाला सांगतो, बोट तोंडात गेलं, गोड लागलं, आणि जीभ म्हणाली, झालं जेवण! मी उठलो, हात धुतले, परत येऊन बसलो. परत बोट, परत गोड, परत उठलो… अशा उठाबशा शाळेत मास्तरांनीसुद्धा काढायला लावल्या नव्हत्या. चष्म्यांच्या काड्यांना मुंग्या लागल्या, गिऱ्हाईकं कान खाजवत घरी गेली, पण नखं आली! पांढरी कड दिसली तेव्हा मंजुश्रीनं शंख फुंकला. शेजारचे विचारायला आले, काय झालं?

आलं लग्न. जेठीमा समोरच बसल्या, नाकावर चष्मा, तोही दुसऱ्या दुकानातला. मी बोटं चांगली पसरून धरली. भटजींनी घटावर मुलाचा हात ठेवला, त्यावर मुलीचा, त्याला माझा हात लावला आणि… वरून टाकला लाल गमछा! झाकलं सगळं! रीतच आहे ती, अहो, आजवर इतकी लग्नं जेवलो, पण घरातल्या एकाच्याही डोक्यात येऊ नये? थंडीभर मुंग्या सोसल्या त्या कशासाठी, तर नखं गमछ्याखाली घालायला.

आणि त्या गमछ्याखाली माझं बोट लागलं जावयाच्या अंगठ्याला. खरबरीत. कडेनं कुरतडलेला. हा अंगठा मी कसा विसरेन, जन्मभर वापरलाय! मी सौगतकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. जेठीमा त्याच्याकडं कौतुकानं बघत होत्या. कुणाच्या घराण्यात काय आहे, ते आता मला सांगता आलं असतं. पण हातात पोरीचा हात होता आणि तो सुटणार होता…

गाडीत बसताना मी तिच्या कानात म्हटलं, "अगं, त्याची नखं…"

"माहीत आहे, बाबा. म्हणूनच तर हो म्हटलं. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसाबरोबर राहायची मला सवय कुठाय?"

मी रडलो. लपवायचं काय त्यात? चारचौघांत रडलो.

परवा तिचा फोन आला. जेठीमांनी पुतण्याचे हात एकदाचे पाहिले आणि बोटांना कडू लावलं. म्हटलं, मग? म्हणाली, "भात मागतोय." म्हटलं, गूळ लाव. म्हणाली, "थंडी संपली बाबा, खजुराचा गूळ आता कुठला?" खरंच आहे. इथं मी उसाचा लावून बघितला, जीभ म्हणते, ही कसली मिष्टी? आणि लावणारीच तिकडं गेली. गोडाचा हंगाम एवढासाच असतो हो. अंगणातल्या कडुलिंबाला मात्र बघा, कशी पालवी फुटलीय… आत मंजुश्री वांगी चिरतेय, आणि माझं बोट… गेलंच आहे तोंडात, तर मूठभर भात वाढा कुणीतरी. कडू आधी येतं, त्याला मी काय करणार?