आधी पाव, मग हॉर्न

तुये गावच्या कारखान्यात मी तीन दिवस साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, त्या कुणामुळे? प्रोसेसरमुळे!

लेबल छापणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, मी लिहिलेला. मजकूर आधी मेमरीत ठेवायचा, मग यंत्राला 'छाप' अशी खूण द्यायची. तरी मधूनच एखाद्या खोक्यावर आधीच्याच खोक्याचं लेबल यायचं. सगळा माल अडला.

शेवटी चूक सापडली. आमचे फोरमन दाजी सावंतवाडीचे. त्यांना सांगितलं, "मी क्रमानंच लिहिलंय हो, पण हा प्रोसेसर आपल्या सोयीनं खूण आधी पोचवतो, मजकूर मागाहून."

"म्हणजे आमच्या पाववाल्या पदेरासारखोच मेलो!" दाजी उसळले. "दारात हॉर्न वाजवता, मी पिशवी घेवन धावतंय, आणि पाव अजून मागे त्याच्या भावाच्या सायकलीर! सांग त्याका, आधी पाव, मगे हॉर्न!"

मी मध्ये मेमरी बॅरियरची एक ओळ घातली: मजकूर पोचेपर्यंत खूण द्यायची नाही. लेबलं सुरळीत निघाली. खुशीत त्या ओळीशेजारी टीप लिहिली, 'आधी पाव, मग हॉर्न.'

परवा माझ्या जागी आलेल्या पुण्याच्या इंजिनिअरचा फोन आला. बिचारा रडकुंडीला आला होता.

"सर, हॉर्न बसवून घेतला. पण यंत्रात पाव कुठून घालायचा?"